एनएफएस, होस्टपाथ आणि तो फिरणारा मेसेज

पणजी-पर्वरीकडच्या आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो. सल्ला थोडक्यात असा: कुबरनेटीसमध्ये (अनेक मशीनवर ॲप्लिकेशन चालवणारी यंत्रणा) नेटवर्क शेअर, म्हणजे दुसऱ्या मशीनवरचा सामायिक फोल्डर, जोडायला पीव्ही (कुबरनेटीसमध्ये नोंदवलेली साठवणीची जागा), पीव्हीसी (त्या जागेची मागणी), सीएसआय ड्रायव्हर (साठवण जोडून देणारा प्रोग्रॅम) असल्या भानगडी नकोत. प्रत्येक नोडच्या (म्हणजे मशीनच्या) एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना काय माउंट करायचं (जोडायचं) त्या यादीत, शेअर टाका, पॉडला (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाला) होस्टपाथ, म्हणजे नोडवरच्या फोल्डरची थेट वाट, द्या, फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) करा, माउंट सॉफ्ट (सर्व्हर मिळाला नाही तर थोड्या प्रयत्नांनी सोडून देणारं) ठेवा. मग कितीही पॉड एकाच वेळी लिहू शकतात, डेटाबेससुद्धा चालतो.

यातली एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करू. पीव्ही वापरला तरी एनएफएसचं (नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याच्या पद्धतीचं) माउंट नोडवरच होतं, ते काम क्युबलेट, म्हणजे प्रत्येक नोडवरचा कुबरनेटीसचा प्रोग्रॅम, करतो. म्हणून उबुंटूच्या नोडवर एनएफएस-कॉमन हे पॅकेज लागतंच, आणि सर्व्हरचं नावही नोडच्या डीएनएसला (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेला) ठाऊक असावं लागतं. क्लस्टरच्या (नोडांच्या समूहाच्या) आतलं सर्व्हिसचं नाव दिलं तर बहुतेक ठिकाणी ते सापडत नाही. पण ‘माउंट नोडवर होतं’ म्हणजे ‘आपण हाताने केलं तरी तेच’ असं नाही.

समजा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत तीन नोड आणि एक नॅस (नेटवर्कवरून फाइली देणारं साठवणीचं यंत्र) आहे. जूनचा पाऊस, वीज गेली, यूपीएसही दमला. वीज आली तेव्हा नोड आधी उठले, नॅस मागून आला. एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ असल्यामुळे माउंट झालं नाही तरी नोड सुरू झाला. माउंटच्या जागी उरला तो नुसता रिकामा फोल्डर. होस्टपाथला त्याचं काय? त्याला फोल्डर हवा होता, तो मिळाला. पॉड हिरवा दिसतो, ॲप्लिकेशन लिहीत राहतं, आणि सगळं जातं त्या नोडच्या स्वतःच्या डिस्कवर.

पुढचा भाग याहून वाईट. अर्ध्या तासाने कुणीतरी हाताने माउंट करतं. होस्टपाथचं माउंट प्रोपगेशन डीफॉल्टने बंद असतं, त्यामुळे आधीपासून चालू असलेल्या पॉडला हे नवं माउंट दिसतच नाही. तो जुन्याच फोल्डरमध्ये लिहीत बसतो. त्याच नोडवर नंतर सुरू झालेला पॉड मात्र नॅसवर लिहितो. वाट एकच, डिस्क दोन! वर मधल्या वेळेतल्या फाइली माउंटखाली झाकल्या गेल्या, त्या नोडवर शोधूनही सापडत नाहीत. पीव्ही असता तर पॉड ‘कंटेनर-क्रिएटिंग’वर अडकला असता, इव्हेंटमध्ये ‘फेल्ड-माउंट’ दिसलं असतं आणि नॅस आल्यावर क्युबलेटने पुन्हा प्रयत्न केला असता. अशा वेळी मला अडकलेला पॉडच हवा.

‘माउंट सॉफ्ट ठेवा’ हा सल्ला लोकांना आवडतो, कारण हार्ड माउंटवर सर्व्हर गेला की प्रोसेस लटकते, पॉड ‘टर्मिनेटिंग’वर तासन्‌तास राहतो. त्रास खरा आहे. पण सॉफ्टमध्ये ठरावीक प्रयत्न झाले की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती एरर येते, आणि तो ती नीट हाताळत नसेल तर फाइल अर्धवट राहते, बोंबही होत नाही. डेटा महत्त्वाचा असेल तर हार्डच ठेवावं. हे पर्याय पीव्हीच्या माउंट-ऑप्शन्समध्ये लिहिता येतात. पॉडमध्ये थेट लिहिलेल्या एनएफएस व्हॉल्यूमला ती सोय नाही.

७७७ बद्दल. नेहमीच्या एनएफएसमध्ये सर्व्हरकडे जातो तो युजरचा आकडा, नाव नव्हे. रूट-स्क्वॉश (रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, याचे अधिकार सर्व्हरवर काढून घेणारी सेटिंग) चालू असेल तर कंटेनरमधला रूट तिथे ‘नोबडी’, म्हणजे खास हक्क नसलेला युजर, होतो, म्हणून ‘परमिशन डिनाइड’ येतं आणि हात ७७७ कडे जातो. एफएस-ग्रुपवरही (व्हॉल्यूमचा ग्रुप बदलणारी पॉडची सेटिंग) भिस्त ठेवू नका, एनएफएस व्हॉल्यूमवर तो लागू होत नाही. सर्व्हरवर फोल्डर एका ठरावीक ग्रुपच्या नावे करा, त्याला लिहिण्याची परवानगी द्या आणि त्या ग्रुपचा आकडा पॉडच्या सप्लिमेंटल-ग्रुप्समध्ये (पॉडमधल्या युजरला मिळणारे जादा ग्रुप) टाका. शेअर विंडोजचा असेल तर एफएसटॅबमध्ये पासवर्ड लिहू नये, ती फाइल नोडवर कुणालाही वाचता येते. एसएमबीचा (विंडोजच्या फाइल-शेअरिंग पद्धतीचा) सीएसआय ड्रायव्हर पासवर्ड कुबरनेटीसच्या सीक्रेटमधून (गुप्त माहितीची वेगळी नोंद) घेतो.

डेटाबेसचं काय? पीव्हीचा ‘रीड-राइट-मेनी’ हा पर्याय म्हणजे अनेक नोडना माउंट करायची मुभा, एवढंच. दोघांनी एकाच वेळी एकाच जागी लिहू नये म्हणून लागणारं लॉक सांभाळणं त्यात येत नाही. एसक्यूलाइट या फाइलमध्ये राहणाऱ्या छोट्या डेटाबेसचा वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) तर नेटवर्क फाइलसिस्टिमवर चालतच नाही, कारण त्याला सगळ्या प्रोसेस एकाच मशीनवर लागतात.

पीव्हीचं कौतुकही बेताने करावं. त्यात १०० जीबी लिहिलं म्हणून एनएफएसवर कुणी १०१ वा जीबी अडवत नाही. कोटा लावायचा तो नॅसवरच.

हा सल्ला मानून आधीच होस्टपाथ लावला असेल, तर पीव्हीवर जाण्यापूर्वी प्रत्येक नोडवर रूट फाइलसिस्टिम दुसऱ्या एखाद्या फोल्डरवर बाइंड-माउंट करा (म्हणजे ती दुसऱ्या वाटेनेही दिसेल अशी जोडा) आणि तिथून तो जुना फोल्डर उघडा. माउंटखाली झाकलेल्या फाइली असतील तर तिथे दिसतील. त्या आधी नॅसवर हलवा.