एकदा वस्तरा घेतला की आयुष्यभर निश्चिंत? असं नसतं ते

एक मेसेज फिरतोय सध्या, तुमच्याकडेही आला असेल. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की वस्तरा एकदाच घ्या आणि पुढे आयुष्यभर दाढीवर पैसा घालवू नका, धार गेली तर चामड्याच्या पट्ट्यावर चार वेळा फिरवा की झालं, केसासारख्या मऊ गोष्टीने पोलाद बोथट होऊच शकत नाही म्हणजे ब्लेड लवकर जातात ती मुद्दाम तशी बनवलेली असतात म्हणून, वस्तऱ्याने ना पुरळ ना जळजळ, आणि जिलेटने स्वतःचा माल खपवण्यासाठी वस्तऱ्याला बदनाम करून संपवला. शेवटची ओळ अशी की घरात एक चांगला वस्तरा असला की घरातल्या सगळ्या पुरुषांचं भागतं.

मी कितीतरी वर्षं वस्तऱ्यानेच दाढी करतोय आणि पुढेही करणार आहे, त्यामुळे हा मेसेज वाचून मला आनंद व्हायला हवा होता, पण खरंच राग आला. कारण हे वाचून माणूस हौसेने वस्तरा घेतो, दुसऱ्या दिवशी तसाच गालावर चालवतो, गाल सोलून निघतो, आणि मग वस्तरा कायमचा कपाटात जातो. दोष ना त्या माणसाचा ना वस्तऱ्याचा, दोष अर्धवट सांगणाऱ्याचा.

सगळ्यात मोठी चूक त्या पट्ट्याची आहे, म्हणून आधी तीच घेतो. पट्ट्याने धार 'लागत' नाही. पट्टा धार सांभाळतो. धार म्हणजे काय, तर पात्याच्या दोन बाजूंचे उतार जिथे एकमेकांना भेटतात ती रेषा. दाढी करताना ही रेषा अगदी बारीक प्रमाणात वाकते, तिच्यावर साबण आणि ओलावा राहतो, गंजाची सुरुवात होते. पट्ट्यावर फिरवलं की ती साफ होते, सरळ होते, बस. पण ते दोन उतार एकमेकांना भेटतच नसतील, म्हणजे धार गोल झाली असेल किंवा तिचे कण उडाले असतील, तर साध्या चामड्यावर दोनशे वेळा घासा नाहीतर दोन हजार वेळा, काही होत नाही. तिथे दगडच लागतो. काहीजण पट्ट्याला क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावतात, साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या म्हणजे अतिशय बारीक कणांची, तिने थोडंसं पोलाद घासलं जातं हे खरं, पण तीही धार थोडे दिवस ताजी ठेवण्यापुरती, आणि सारखी तीच वापरत राहिलं तर धार हळूहळू गोल होते.

दगडाचं काम समजलं की वस्तरा किती डोक्याने बनवलेली वस्तू आहे ते कळतं. वस्तऱ्याची पाठ जाड असते ना, ती नुसती मजबुतीसाठी नसते. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात आणि कोन आपोआप ठरतो, बहुतेक वस्तऱ्यांमध्ये दोन्ही बाजू मिळून साधारण 16 ते 18 अंश. चाकूला धार लावताना कोन हाताने धरावा लागतो, इथे तो पात्यातच बसवलेला आहे. आधी 1000 ग्रिटच्या दगडावर (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दोन्ही उतार टोकापासून टाचेपर्यंत, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकापर्यंत, नीट भेटवायचे, मग 4000, मग 8000, मग 12000 किंवा तसाच एखादा बारीक नैसर्गिक दगड. यातली पहिली पायरी कच्ची राहिली तर पुढचे सगळे दगड फुकट, धार चकचकीत दिसते पण केस ओढते. आणि कृपा करून वस्तरा फिरत्या चाकावर कोणाकडूनही लावून घेऊ नका, एवढं पातळ पातं क्षणात तापतं, पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि नंतर तिथे धार टिकतच नाही.

माझा पहिला वस्तरा पेटीतून काढून मी थेट वापरला होता, विकणाऱ्याने सांगितलं होतं तयार आहे म्हणून. हनुवटीखाली दोन ठिकाणी कापलं आणि तीन दिवस मान लाल होती, कॉलर लागली तरी झोंबायचं. मला वाटलं आपला हातच चुकतोय, म्हणून अजून जोर लावला, अजून कापलं. पुढे एका जाणत्या माणसाने तोच वस्तरा दगडावर लावून दिला आणि पहिल्या ओढीतच कळलं की हात तेवढा वाईट नव्हता. नवीन वस्तऱ्याला कारखान्यातून धार असते, पण ती दाढीच्या लायकीची असेलच असं अजिबात नाही.

पट्ट्याचंही एक सांगायलाच हवं कारण मेसेजमध्ये 'चार वेळा फिरवा' एवढंच आहे. दगडावर धार पुढे जाते, पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे. उलट केलंत तर पट्टा कापला जाणार. पट्ट्याच्या टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवरून पलटायचा, धारेवरून कधीच नाही, पट्टा ताणून धरायचा कारण सैल पट्टा धारेभोवती वळतो आणि तिला गोल करतो. हे प्रत्येक दाढीच्या आधी, चाळीस-पन्नास वेळा, हलक्या हाताने. जोर लावायचा नाही.

आता मऊ केस आणि कठीण पोलाद. हा मुद्दा ऐकायला एकदम पटतो म्हणून जास्त फिरतो. यावर अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या लोकांनी खरंच काम केलंय, 2020 मध्ये सायन्स नियतकालिकात आलंय ते. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटीने मऊ, तरी ब्लेडची धार जाते, हे असं कसं होतं हेच त्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं. दिसलं असं की धार नुसती झिजत नाही तर तिचे बारीक तुकडे उडतात. केस ब्लेडखाली वाकतो, कोन तिरका होतो, आणि पोलादाची अंतर्रचना सगळीकडे सारखी नसल्याने जिथे ती कमजोर आहे तिथे ताण साचून कण निघतो. त्यांनी तपासली ती डिस्पोजेबल रेझरची ब्लेड, पण वस्तऱ्याचं पातंही पोलादाचंच आहे आणि तेही तोच केस कापतंय, त्यालाही सूट नाही. म्हणजे ब्लेड बोथट होतं यातून कारस्थान सिद्ध होत नाही, आणि वस्तराही बोथट होणारच.

खर्चाचं थोडक्यात. वस्तरा स्वतः पिढ्यानपिढ्या टिकतो, हे शंभर टक्के खरं, इंग्लंडमधल्या शेफील्ड आणि जर्मनीतल्या झोलिंगेनचे शंभर वर्षांपूर्वीचे वस्तरे आजही रोज वापरणारे लोक आहेत. पण पट्टा लागतो, दगड लागतात नाहीतर दर काही महिन्यांनी लावून द्यायला कोणीतरी लागतो, तेल लागतं. हे सगळं धरूनही तो पुढे जाऊन स्वस्त पडू शकतो, मी नाही म्हणत नाही. शून्य खर्च मात्र नाही, आणि शून्य वेळ तर नाहीच नाही.

जिलेटने वस्तरा संपवला हे तर काळाच्या हिशोबातच बसत नाही. कापू नये म्हणून वस्तऱ्याला लाकडी आड लावायची कल्पना पॅरिसच्या पेरे नावाच्या कारागिराने 18व्या शतकातच मांडली होती, आणि अमेरिकेत काम्फे बंधूंनी 1880 मध्ये सेफ्टी रेझरचं पेटंट घेतलं, म्हणजे जिलेटच्या कंपनीच्या (1901) वीस वर्षं आधी. पण काम्फेंच्या रेझरचं पातं जाडच होतं, ते काढून पुन्हा धार लावावी लागायचीच. जिलेटने नेमकी तीच कटकट काढून टाकली, पातळ ब्लेड, धार गेली की टाकून द्या. 1903 मध्ये विकले गेले 51 रेझर आणि 168 ब्लेड, ज्याने जगाला फसवलं म्हणतात त्याचं पहिलं वर्ष हे असं. नंतर जाहिराती झाल्या, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना रेझर दिले गेले, तेही कारण आहेच. पण लोकांनी वस्तरा सोडला तो मुख्यतः धार लावायचा कंटाळा म्हणून. वस्तरा आवडणाऱ्यांनी हे मान्य करायला काय हरकत आहे?

पुरळ आणि जळजळ यात मेसेज अर्धा बरोबर आहे. एकावर एक ब्लेड असलेल्या रेझरमध्ये पुढचं ब्लेड केस ओढतं, मागचं कापतं, आणि कापलेलं टोक त्वचेच्या खाली जातं, कुरळ्या दाढीवाल्यांना त्यामुळे केस आतल्या आत वाढायचा त्रास जास्त होतो. एकाच धारेने तो कमी होऊ शकतो. पण वस्तरा केसांच्या उलट दिशेने चालवला, कातडी जोरात ताणली, कोन उभा धरला तर वस्तऱ्यानेही तोच त्रास होतो, वर कापतं ते वेगळंच. पातं आणि त्वचा यांच्यातला कोन साधारण 30 अंश ठेवा, दाढी आधी कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं नीट भिजवा, आणि पहिले कित्येक आठवडे फक्त केसांच्या दिशेनेच चालवा, गुळगुळीत नाही झालं तरी चालेल. सुरुवातीला नुसते गाल करा, हनुवटी आणि ओठाच्या वरचा भाग जुन्या रेझरने.

राहिली ती शेवटची ओळ, घरात सगळ्यांना एक वस्तरा. ही एकच ओळ असती तरी मी हे लिहिलं असतं. दाढी करताना डोळ्याला न दिसणारं रक्त पात्याला लागतं, आणि हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. नुसतं पुसून किंवा नळाखाली धरून तो जात नाही. जंतुनाशकात तासन्‌तास बुडवून ठेवावा तर साध्या कार्बन स्टीलची धार गंजते आणि मुठीच्या खिळ्यात पाणी शिरतं, म्हणूनच सलूनमध्ये बदलत्या ब्लेडचा वस्तरा वापरायचा असतो आणि प्रत्येकाला नवीन ब्लेड. वडिलांचा किंवा आजोबांचा वस्तरा मिळाला असेल तर जरूर वापरा, त्याच्यासारखी गोष्ट नाही, पण आधी जाणत्याकडून गंज काढून, निर्जंतुक करून, दगडावर लावून घ्या, आणि त्यानंतर तो फक्त तुमचा. भावाला हवा असेल तर त्याला दुसरा घेऊ द्या.