‘एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून’ हे कुणी सांगितलं?

‘२१ दिवसांचा वैज्ञानिक नियम’ हा मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस करा, सवय लागते. एक दिवस चुकला तर मोजणी पहिल्यापासून. ९० दिवस केलंत तर ती जीवनशैली. वाईट सवय सोडायलाही हेच २१ दिवस. आणि नाही जमलं तर तुमची इच्छाशक्ती कमी पडली. खाली ‘मानसशास्त्राने सिद्ध केलेले’ असा शिक्का. एरवी असले मेसेज पुसून विषय संपतो. पण जवळच्याच एका व्यक्तीने सतरा दिवस नेमाने व्यायाम केला, अठराव्या दिवशी ताप आला, मेसेजबरहुकूम वहीत पुन्हा ‘दिवस १’ लिहिला, आणि चार दिवसांत ‘आपल्यात दमच नाही’ म्हणून वहीच बंद केली. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी तो २१चा आकडा. तो आला मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपलासा वाटायला रुग्णाला किमान सुमारे २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. म्हणजे विषय होता आरशातल्या नव्या नाकाची ओळख पटण्याचा. रोज पहाटे उठून पळण्याचा नव्हे. पुढे सांगोवांगी ‘किमान’ गळालं, ‘सुमारे’ही गळालं आणि उरला नियम.

सवय लागायला किती दिवस लागतात हे मोजायचा नीट प्रयत्न केला फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. निबंध २०१०चा. ९६ जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी कृती निवडली. ती रोज एकाच ठरलेल्या खुणेनंतर (म्हणजे कृतीची आठवण करून देणाऱ्या रोजच्या एखाद्या प्रसंगानंतर) करायची, आणि ती किती आपोआप होतेय याचे गुण रोज नोंदवायचे, असं १२ आठवडे. गुण सुरुवातीला भराभर चढतात, मग चढ मंदावतो आणि शेवटी सपाटी येते. ही सपाटी यायला जितके दिवस लागले त्यांचा मध्यक निघाला ६६, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त. पण खरी गंमत मध्यकात नाही, पल्ल्यात आहे: कुणाला १८ दिवस, कुणाला २५४. (अभ्यास ८४ दिवसांचाच होता, २५४ हा आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे. शिवाय आलेख ज्यांच्या नोंदींना चांगला जुळला असे जेमतेम ३९ जण निघाले. त्यामुळे उद्या कुणी ‘६६ दिवसांचा नियम’ पाठवला तर तोही मनावर घेऊ नका.) व्यायामाला खाण्यापिण्याच्या कृतींपेक्षा साधारण दीडपट वेळ लागला. तेव्हा एवढं मान्य करावं लागेल, नाइलाजाने का होईना, की जेवणासोबत पेलाभर पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट कुणाच्या अंगवळणी तीन आठवड्यांत पडूही शकते. मेसेजमध्ये काही खरं असेल तर ते इतकंच.

आता सर्वांत खोडसाळ मुद्दा, ‘एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून’. त्याच अभ्यासात हे थेट तपासलं होतं. एखादी संधी हुकली तर सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. वारंवार खाडे करणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांची सवय लागतच नाही. पण एक खाडा आणि पाठोपाठ दहा खाडे यांना एकाच मापाने मोजणं हे गणितातही बसत नाही. सवय म्हणजे खूण आणि कृती यांची स्मृतीत बसलेली जोडी. प्रत्येक पुनरावृत्तीने ती थोडी घट्ट होते; एका दिवसाच्या तापाने सतरा दिवसांचं घट्ट झालेलं सैल होत नाही. मोजणी शून्यावर जाते ती वहीत, डोक्यात नाही.

हा नियम नुसता चुकीचा असता तरी चाललं असतं. तो उलटा परिणाम करतो. व्यसनमुक्तीवर काम केलेल्या ॲलन मार्लाट यांनी १९८०च्या दशकात एक गोष्ट नीट मांडली: पाय घसरणं वेगळं आणि गाडी पूर्ण रुळावरून उतरणं वेगळं. पहिल्याचं दुसरं होतं ते बऱ्याचदा त्या घसरण्याचा माणूस जो अर्थ लावतो त्यामुळे. ‘आता मोडलंच आहे, जाऊ दे झालं’ आणि ‘मी आहेच असा’. मेसेज नेमका हाच अर्थ आयता हातात देतो.

मग इच्छाशक्ती. ती वापराने दमणारा स्नायू आहे ही कल्पना बरीच वर्षं मिरवली. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांवर ही कल्पना तपासणारा प्रयोग पुन्हा केला, तर परिणाम जवळपास शून्य. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पक्की सवय इच्छेला विचारतच नाही. डेव्हिड नील, वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी २०११ साली सिनेमाला आलेल्यांना काहींना ताजं आणि काहींना आठवडाभर शिळं पॉपकॉर्न दिलं. ज्यांना थिएटरात पॉपकॉर्न खायची पक्की सवय, त्यांनी शिळंही ताज्याइतकंच खाल्लं, आवडलं नाही हे सांगत सांगत! पण तेच मीटिंगच्या खोलीत बसवल्यावर, किंवा थिएटरातच नेहमीच्या नसलेल्या हाताने खायला लावल्यावर, शिळं खाणं कमी झालं. माणसं त्याच प्रकारची, इच्छाशक्तीही तीच. बदलली ती जागा आणि हात.

म्हणून दिवस मोजण्याआधी खूण तपासा. ‘सकाळी’ ही खूण नव्हे, सकाळ चार तासांची असते. ‘दात घासून ब्रश ठेवला की’ ही खूण. ती रोज घडणारी हवी, आणि एखादं काम संपतानाची असली तर उत्तम. कामाच्या मधोमध घुसवलेली कृती विसरली जाते. एका खुणेला एकच नवी कृती बांधा. वाक्य ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं ठरवून ठेवा. गोलविट्झर आणि शीरन यांनी २००६ साली अशा ९४ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा याचा फायदा मध्यम ते मोठा निघाला. सोडायची सवय असेल तर तिची खूण नजरेआड करा, किंवा मध्ये वीस सेकंदांची का होईना अडचण उभी करा.

‘वाईट सवय सोडायलाही २१ दिवस’ याच्या उदाहरणांत मेसेजने दारू घातली आहे, आणि इथे मात्र गप्प बसता येत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात ती बंद केली तर काही तासांत हात थरथरू लागतात, साधारण पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास, प्रचंड घाम अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. ही सवय नाही, शारीरिक अवलंबित्व आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन सोडवतात. बराच काळ घेतलेल्या काही झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. २१ दिवसांचा तक्ता भिंतीवर लावून हे करायचं नसतं.

‘२१ दिवसांत मेंदूत नवी तार जोडली जाते’ हे मेसेजमधलं वाक्य सोडून देतो. मेंदूत कॅलेंडर नसतं. ९० दिवसांच्या जीवनशैलीचंही तेच.

वही ठेवायची तर जरूर ठेवा. चुकलेल्या दिवशी फुली मारा, पुढच्या पानावर पुढचाच आकडा लिहा, आणि फुलीशेजारी त्या दिवशी खूण घडली होती का ते लिहा. महिन्याभरात चारही फुल्या रविवारी पडलेल्या दिसल्या, तर रविवारी ती खूणच येत नसणार. त्या दिवसासाठी दुसरी शोधा.