डिझेलात धुतलं म्हणून मशीन साफ होत नाही

१ जूनला मासेमारी बंद झाली की बोटींची मशीनं उघडायला घेतात. नेमका तेव्हाच आमच्याकडच्या बंदरांत एक मेसेज फिरायला लागतो: ‘फिटरला पैसे कशाला? पार्ट डिझेलात धुवा, पिस्टन कॉस्टिकच्या पाण्यात उकळा, बेअरिंग पॉलिश पेपरने चमकवा, गॅस्केटला भरपूर सिलिकॉन लावा, बोल्ट अंगातल्या ताकदीने आवळा. मशीन नव्यासारखं.’

घरचं मशीन घरी खोलायला माझा विरोध नाही, मी स्वतः तेच करतो. पण या मेसेजने नुकसान होतं आणि ते कळतं ऑगस्टमध्ये, मासेमारी पुन्हा सुरू झाल्यावर, भर समुद्रात.

आधी डिझेल. चिकट तेल आणि काजळी सुटायला ते उत्तम, पहिला हात त्याचाच द्यावा. पण लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) होनिंग केलेला, म्हणजे दगडाने घासून तिरक्या रेघा पाडलेला असेल तर दगडाची आणि बिडाची (ओतीव लोखंडाची) बारीक पूड त्या तिरक्या रेघांत बसते. डिझेलने किंवा रॉकेलने ती निघत नाही, उलट आणखी आत जाते. नंतर पिस्टनच्या नव्या रिंगा तीच पूड घासत बसतात. त्यासाठी गरम पाणी, कपड्यांची साबण पावडर आणि कडक ब्रश लागतो. धुऊन पुसलं की पांढऱ्या सुती कापडाला थोडं ऑइल लावून लायनरमधून फिरवायचं. कापड करडं निघालं की पुन्हा धुवायचं. गेल्या पावसाळ्यात माझं कापड चौथ्या वेळेला पांढरं राहिलं. मग लगेच ऑइलचा हात द्यायचा, कारण जूनच्या दमट हवेत उघड्या बिडावर बघता बघता तांबूस गंज धरतो. पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे ऑइलच्या भोकांत अडकतात.

कॉस्टिक सोडा बिडाला चालतो, पण पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि कॉस्टिक त्याला खातं. भांड्यात उठणारे बुडबुडे म्हणजे मळ निघाल्याची खूण नाही. धातू विरघळून हायड्रोजन सुटत असतो, आणि तो पेट घेतो. रिंगांच्या खाचा एकदा रुंदावल्या की तो पिस्टन गेला. त्यापेक्षा रात्रभर डिझेलात भिजवा आणि खाचांतला कार्बन जुन्या रिंगेच्या तुकड्याने हलक्या हाताने काढा.

बेअरिंगला पॉलिश पेपर लावूच नका. वरचा मऊ थर मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकाच असतो. पेपरची कच त्यात रुतते आणि त्यात फिरणारा क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) कापत राहते.

सिलिकॉन हेड गॅस्केटला, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यातल्या सीलला, मुळीच नको. इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीला (ऑइल संप) जिथे सांगितलं असेल तिथे बारीक रेघ पुरे. जास्तीचं दाबून बाहेर येतं तसं आतही जातं. दोन वर्षांपूर्वी आम्ही उघडलेल्या एका बोटीत ऑइल पंपाच्या जाळीवर सिलिकॉनची दोरीच गुंडाळलेली होती, अर्धी जाळी बंद.

आता बोल्ट. पान्याला लावलेल्या जोरातला साधारण ९० टक्के जोर घर्षणातच जातो. त्यामुळे आटे गंजलेले, कोरडे की ऑइल लावलेले, यावर बोल्टचा खरा ताण बदलतो आणि तो हाताला कळत नाही. टॉर्क पाना, म्हणजे जोर मोजणारा पाना, मागून आणा. पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत टप्प्याटप्प्याने जा, हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला. त्याआधी ब्लॉकमधली बंद भोकं हवेने फुंकून कोरडी करा. तळाला डिझेल साचलेलं असेल तर बोल्ट आवळताना त्याच्या दाबाने ब्लॉकला चीर जाते.

मेसेजमध्ये एक गोष्ट आलेलीच नाही. कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) आणि त्याची कॅप जोडीने तासलेली असते. धुवायला एकाच घमेल्यात टाकून कॅपांची अदलाबदल झाली तर क्रँक जाम होतो. खोलतानाच नंबर बघा. नसतील तर पंचाने खुणा करा, बाजूही लक्षात ठेवा.

आणि सगळं जोडून झाल्यावर लगेच चालू करू नका. डिझेल बंद करणारा स्टॉप लिव्हर ओढून धरा, स्टार्टर थोडा थोडा मारा, ऑइल गेजचा काटा वर येईपर्यंत.