भाजीच्या फोटोवरून मीठ ओळखणाऱ्या बाईचं उत्तर

'एक जुना वाचक' यांस,

गेल्या आठवड्यातल्या पोस्टवर तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देते:

"मॅडम, यूट्यूबवर गेम बघून त्यावर मत देणं म्हणजे भाजीचा फोटो बघून मीठ कमी आहे म्हणणं. गेम खेळायचा असतो. आधी हातात कंट्रोलर घ्या, मग जोएलच्या निर्णयावर प्रवचन द्या. बाकी 'कोर्ट' कंटाळवाणा आहे हे कबूल करायची तुम्हाला लाज वाटते, 'तुंबाड' हिंदी सिनेमा आहे, आणि मालिकेचे भाग नऊ आहेत, दहा नाहीत."

आणि शेवटी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारी ती पिवळी बाहुली. एक नाही, दोन.

मी काय लिहिलं होतं? 'द लास्ट ऑफ अस' हा आधी व्हिडिओ गेम, मग त्यावरची मालिका; शेवटी जोएल हा नायक एका मुलीला वाचवायला हॉस्पिटलमधली माणसं मारतो. मालिकेतला तो हॉस्पिटलचा प्रसंग मूळ गेममधल्यापेक्षा जास्त अंगावर येतो, आणि मालिकेचा तिसरा भाग तर गेमला कुठल्या कुठे मागे टाकतो. एवढंच. जाता जाता 'कोर्ट' आणि 'तुंबाड' या सिनेमांचा उल्लेख होता.

नऊ भागांचं आधी उरकते. बरोबर आहे तुमचं. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या सीझनचे भाग नऊच आहेत. तिसरा मी दोनदा पाहिला, त्यामुळे माझ्या हिशोबात दहा झाले. पोस्टमध्ये दुरुस्ती केली आहे. चूक झाली की कबूल करते मी, हे जुन्या वाचकांना माहीत असतं. तुम्ही किती जुने, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

आता 'मॅडम'. बँकेतला शिपाईही मला मॅडम म्हणतो आणि सिग्नलला मागून हॉर्न मारणाराही म्हणतो, "ओ मॅडम, गाडी बाजूला घ्या." तुमचं 'मॅडम' यांतलं कुठलं हे कळायला पिवळ्या बाहुल्यांची गरज नव्हती. माझा एक मित्र गेली सहा वर्षं फॉर्म्युला वनवर लिहितो. खालच्या प्रतिक्रियांत लोक त्याच्याशी टायरवरून भांडतात, पण 'आधी लायसन्स दाखवा' असं त्याला आजवर कुणी म्हणालेलं नाही. क्रिकेटचं उदाहरण देत नाही, ते सगळेच देतात.

आणि मीठ. उपमा छान आहे, टाळ्या मिळाल्या असतील. पण तुमच्या घरी नैवेद्याचा स्वयंपाक कोण करतं हो? माझी आजी करायची. चतुर्थीला एकवीस मोदक, अळूची भाजी, वरण, कोशिंबीर, सगळं न चाखता. देवाला दाखवायच्या आधी चव घ्यायची नाही म्हणजे नाही. चुलीवरून पातेलं उतरवताना ती वाफेत तोंड घालून एकदाच श्वास घ्यायची आणि आईला सांगायची, "अळवात अर्धी चिमूट टाक." आम्ही जेवायला बसायचो तेव्हा ते बरोबर झालेलं असायचं. फोटोवरून नाही ओळखायची, मान्य. पण खाल्ल्याशिवाय मीठ कळतच नाही हे तुम्ही ज्या ठामपणे सांगता, त्यावरून तुम्ही स्वयंपाकघरात किती वेळ काढला असेल याचा अंदाज मला येतो. मी तुमच्यावर वैयक्तिक बोलत नाहीये. तुमच्या उपमेवर बोलतेय.

आता 'आधी हातात कंट्रोलर घ्या'. हे वाक्य मला जरा लागलं, आणि का लागलं ते सांगायला १९९६ मध्ये जावं लागेल.

साताऱ्यात एसटी स्टँडजवळच्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. दाराला तपकिरी पडदा, आत अंधार, तीन-चार मशिनी आणि घामाचा वास. मालकाला सगळे मामा म्हणायचे. त्यांच्यापुढे श्रीखंडाच्या डब्यात टोकन असायचे, रुपयाला एक. मधल्या मशीनवर मुस्तफा. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा १९९३ चा गेम, हे मला कॉलेज संपल्यावर कळलं. साताऱ्यातच काय, अख्ख्या देशात तो मुस्तफाच होता, कारण चार खेळाडूंतला पिवळ्या टोपीचा मुस्तफा सगळ्यांत चपळ आणि सगळ्यांना तोच हवा असायचा.

दादा आत खेळायचा. मी बाहेर. मुली आत जायच्या नाहीत, असं कुणी सांगितलं नव्हतं, पण जायच्या नाहीत. माझ्याकडे दोन कामं होती. दादाचं दप्तर सांभाळायचं आणि बाबांची लूना गल्लीत वळली की शिट्टी वाजवायची. पडद्याची एक बाजू फाटली होती. तिथून मशीनचा पडदा पूर्ण दिसायचा, फक्त दादाचं डोकं खालच्या कोपऱ्यात आडवं यायचं. दोन वर्षं मी त्या फटीतून मुस्तफा पाहिला. कुठल्या पिंपात खायचं निघतं आणि कुठल्या खोक्यात बंदूक, तिसऱ्या लेव्हलला गाडी मिळाली की कुठे सरळ ठेवायची, लेव्हलच्या शेवटी येणारा कुठला बॉस, म्हणजे मोठा शत्रू, कुठल्या बाजूने उडी मारतो, सगळं पाठ. दादा आतून ओरडायचा, "आता काय गं?" मी बाहेरून सांगायचे, "डावीकडचं पिंप फोड." मामा म्हणायचे, पोरगी बाहेर उभी राहून गेम काढते.

म्हणजे खेळणाऱ्याचा गेम आणि बघणाऱ्याचा गेम हे दोन वेगळे गेम असतात, हे मला तुमच्या आधी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं माहीत आहे.

(एका दिवाळीच्या सुट्टीत मामांनी मला आत बोलावून फुकट टोकन दिलं. पहिल्या बॉसपाशी मेले. दोन मिनिटंही झाली नसतील. मागे उभी असलेली पोरं जे हसली ते अजून ऐकू येतं. पण तो मुद्दा वेगळा.)

यूट्यूबबद्दल. 'द लास्ट ऑफ अस' गेमचा पहिला अर्धा भाग मी यूट्यूबवर पाहिला, हे खरं आहे आणि ते मी पोस्टमध्ये लपवलेलं नाही. उरलेला अर्धा दादाच्या घरी, पुण्यात, चार रात्री, दिवाणावर त्याच्या शेजारी बसून. त्याच्याकडे पीएस-५ हे गेम खेळायचं यंत्र आहे. ते यंत्र भारतात आलं तेव्हाची किंमत होती ४९,९९० रुपये, आणि वहिनी तो आकडा अजून पैशासकट सांगते. आम्ही पाहिला तो २०१३ चा मूळ गेम नव्हे, २०२२ ला नव्याने केलेला. आता शेजारी बसून पाहिलेलं तुमच्या नियमात बसतं का? की फक्त अंगठे मोजायचे?

कारण शेजारी बसणाऱ्याला जे दिसतं ते अंगठेवाल्याला दिसत नाही. जोएलच्या ओळखीच्या बिलच्या गावातला तो भाग आठवा. बिलचा जोडीदार फ्रँक, त्याने गळफास घेतलाय आणि त्याची चिठ्ठी त्या घरात पडलीय. दादाने ती उचलली आणि बटण दाबून बंद केली, कारण त्याला ड्रॉवरमध्ये बंदुकीच्या गोळ्या शोधायच्या होत्या. मी ओरडले, थांब, वाचू दे. त्याने परत उघडली. बिलबरोबर आणखी एक दिवस काढण्यापेक्षा हे बरं, असा तिचा सूर. इतकी कडू चिठ्ठी. आणि मालिकेच्या तिसऱ्या भागात तेच दोघं एकमेकांसोबत म्हातारे होतात, बागेत स्ट्रॉबेरी खातात, आणि मागे राहिलेलं पत्र बिलने जोएलला लिहिलेलं असतं. पत्र तसंच ठेवलं, लिहिणारा बदलला आणि सगळा अर्थ उलटा करून टाकला. मालिका करणाऱ्या क्रेग मेझिन आणि नील ड्रकमन यांनी जे केलंय ते हे, आणि ड्रकमन तर मूळ गेमचाच लेखक. म्हणजे ज्याने भाजी केली त्यालाच दुसऱ्यांदा मीठ बदलावंसं वाटलं. याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत अवाक्षर नाही. तुम्ही बहुतेक गोळ्या शोधत होतात.

हॉस्पिटलचा प्रसंग. मालिकेत जोएल एकेका खोलीतून माणसं मारत जातो तेव्हा गोळ्यांचा आवाज मागे सरतो आणि संगीत पुढे येतं. जोएल झालेल्या पेड्रो पास्कलच्या चेहऱ्यावर काही नसतं. घर झाडायला निघालेल्या माणसासारखा चालतो तो. गेममध्ये असं होत नाही, कारण तिथे आपण बंदुकीत गोळ्या किती उरल्या ते बघत असतो. माझं म्हणणं इतकंच होतं. तुम्ही म्हणाल, तिथे शेवटी आपल्याला स्वतः करावं लागतं. डॉक्टर स्केलपेल घेऊन आडवा उभा असतो, गेम दुसरा पर्याय देत नाही, आणि आपण बटण दाबेपर्यंत पुढे सरकत नाही. माहीत आहे मला.

माहीत आहे, कारण चौथ्या रात्री दादाने तिथे गेम थांबवला आणि कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाला, "घे. तुझं फार मत आहे ना." रात्रीचा दीड वाजला होता. पुतण्या आत झोपला होता. कंट्रोलर दादाच्या हातांनी गरम झाला होता. मी तो धरला, एक मिनिट, कदाचित जास्त, आणि मग दिवाणावर खाली ठेवला. दादाने उचलला, काम केलं, मी बघितलं. हे पोस्टमध्ये नव्हतं, कारण प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर मांडायची नसते. आणि यावरून तुम्ही आता काय निष्कर्ष काढणार तेही मला कळतंय. काढू नका. तळहाताला घाम येणं हे समीक्षेचं मोजमाप होत नाही.

बाकीचं थोडक्यात.

'कोर्ट' कंटाळवाणा आहे हे कबूल करायची मला लाज वाटते म्हणता. वडिलांच्या जमिनीच्या दाव्यात मी एका तालुक्याच्या कोर्टात अकरा वर्षं तारखांना गेलेय. चैतन्य ताम्हाणेच्या सिनेमात एका बाईने बिनबाह्यांचा ड्रेस घातला म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण ऐकूनच घेत नाही, पुढची तारीख देतो, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. तुम्हाला कंटाळा आला असेल. मला डबा आणायला हवा होता असं वाटलं. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काही क्षण तसाच काळा राहतो, तेव्हा थिएटरात माझ्या मागच्या माणसाने विचारलं, "लाइट गेली का?" त्याला जे कळलं ते तुम्हाला कळलं नाही, याला मी काय करू?

'तुंबाड' हिंदी आहे. बरं. मी 'मराठी सिनेमा' म्हटलंच नव्हतं, 'आपल्या पावसातला सिनेमा' म्हटलं होतं. परत वाचा.

आणि 'प्रवचन' हा शब्द. जोएलवर मी तीन वाक्यं लिहिली होती. तीन वाक्यांचं प्रवचन ऐकलं असेल तर कुठे झालं ते कळवा, मी पुढच्या वेळी तिथेच जाईन.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. काढणारही नाही. फक्त पुढच्या वेळी नाव लिहा, मीही माझं लिहिते.

ता. क. हे सगळं टाकायच्या आधी दादाला फोनवर तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली. मला वाटलं, चिडेल. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बरोबर बोलतोय की गं तो." कालपासून मी त्याचा फोन उचललेला नाही.