अंगणात टर्फ: ‘एकदा टाका नि विसरा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: घरामागच्या मोकळ्या जागेत कृत्रिम टर्फ, म्हणजे प्लॅस्टिकचं गवत, टाका, दोन दिवसांत कोर्ट तयार. आहे त्या मातीवर अंथरलं की झालं. पाणी नको, देखभाल नको, खर्च एकदाच, कुठलाही खेळ खेळा. वर हिरवं असल्याने घर थंड राहतं आणि पर्यावरणालाही हातभार लागतो.

टर्फवर माझा राग नाही. मुलं घरच्या घरी बॉक्स क्रिकेट खेळत असतील तर चांगलंच आहे. पण वरच्या मजकुरावर विसंबून ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नका.

आधी ‘थंड राहतं’ हे घेऊ, कारण ते धडधडीत उलटं आहे. अमेरिकेत युटाहमधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली टर्फचं मैदान आणि खऱ्या गवताचं मैदान यांचं तापमान मोजलं गेलं. हवा साधारण ३७ अंशांवर असताना टर्फचा पृष्ठभाग ९३ अंश सेल्सिअसपर्यंत गेलेला आढळला. पाणी मारून पाहिलं तर तो ७९ वरून २९ वर आला, पण पाच मिनिटांत पुन्हा ४९ वर आणि वीस मिनिटांत ७३ वर. गवत पानांतून पाण्याची वाफ सोडतं, म्हणून थंड राहतं. प्लॅस्टिकच्या पात्यांना ते जमत नाही, आणि पात्यांमध्ये भरलेले काळे रबरी दाणे उष्णता आणखी धरून ठेवतात. मे महिन्यात जळगाव-नागपूरकडे हवाच ४४-४५ अंशांवर असते. तिथे दुपारी मुलांना अनवाणी टर्फवर सोडायचं का, हे घरच्यांनीच ठरवावं.

‘आहे त्या मातीवर अंथरा’ हा सल्ला सर्वांत महागात पडणारा. टर्फचा पैसा खरं तर टर्फखाली घालायचा असतो. देशावर बहुतेक ठिकाणी काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टर्फचा रोल अंथरला तर पहिल्याच पावसाळ्यानंतर खळगे पडतात, जॉइंट उसवतात, आणि पळताना नेमका तिथेच पाय मुरगळतो. काळी माती उकरून काढायची, मुरूम भरायचा, त्यावर मोठी खडी, मग बारीक खडी आणि कच (खडीचा चुरा), आणि प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबायचा. उतार शंभरात एक तरी हवा. म्हणजे ४० फूट लांबीच्या कोर्टाला एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जवळजवळ पाच इंच. हा उतार डोळ्यांना जाणवत नाही, म्हणून ठेकेदाराने तो दिला की नाही हे लेव्हल लावून तपासावं.

टर्फच्या पाठीला निचऱ्याची भोकं असतात हे खरं. पण खालच्या पाण्याला वाटच नसेल तर भोकांचा उपयोग काय? कोकणात, जिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस सहज होतो, तिथे कडेने चर आणि चेंबर हवेतच, आणि ते पाणी शेजाऱ्याच्या कुंपणात सोडून चालणार नाही. जुन्या काँक्रीटवर टर्फ टाकायचा असेल तर उतार तोच हवा, शिवाय मध्ये धक्का शोषणारा पॅड. तो वगळला की गुडघे बोलू लागतात.

पाण्याबद्दलचा दावा अर्धा खरा. लॉनच्या तुलनेत पाणी वाचतं, यात शंका नाही. पण आपल्याकडे किती अंगणांत लॉन होतं? जिथे माती किंवा फरशी होती तिथे वाचवायला पाणीच नव्हतं. उलट टर्फवरची धूळ धुवायला पाणी लागणार. आणि ‘कृत्रिम म्हणजे कोरडं’ हेही नेहमीच खरं नाही. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर आली, आणि पुढे वरच्या दर्जाच्या सामन्यांआधी त्या मैदानावर पाणी मारण्याचीच पद्धत पडली.

देखभालीचं म्हणाल तर पाला झाडणं, दबलेली पाती ब्रशने उभी करणं, पात्यांमधली वाहून गेलेली वाळू पुन्हा भरणं आणि सावलीतलं शेवाळ काढणं चुकत नाही. लव्हाळ्याचं तण तर प्लॅस्टिकचा कागद भेदून वर येतं, टर्फच्या जॉइंटची त्याला काय पर्वा! घरात कुत्रा असेल तर वासाचा विचार आधी करा.

‘कुठलाही खेळ’ यावर फार बोलायला नको. फुटबॉलला ४० ते ६० मिलिमीटर लांबीची पाती वापरतात, क्रिकेटच्या पिचला त्याच्या पाव हिश्श्यानेही चालतात. मऊ टर्फवर बास्केटबॉल धड उसळत नाही. पिकलबॉलला कडक ॲक्रिलिक कोर्टच बरं. एक खेळ ठरवा आणि त्याप्रमाणे टर्फ मागा.

पर्यावरणाचा मुद्दा मात्र ऐकवत नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचं छपराचं स्टेडियम १९६५ मध्ये सुरू झालं. चकाकी कमी करायला छताच्या काचा रंगवल्या, आतलं गवत मेलं, म्हणून १९६६ मध्ये तिथे प्लॅस्टिकचं गवत आलं. ऊन न मिळणाऱ्या जागेची ती सोय होती. आपण ती भर उन्हातल्या अंगणात आणतो. पात्यांचे तुकडे आणि जुन्या टायरचे दाणे पावसाबरोबर गटारात जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा प्लॅस्टिक दाण्यांच्या विक्रीवर बंदी ठरवली आणि आठ वर्षांची मुदत दिली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने तिथल्या शहरांना कृत्रिम हिरवळीवर बंदी घालायची मुभा दिली. घरच्या कोर्टाला दाण्यांऐवजी सिलिका वाळू मागता येते. तेवढं तरी करा.

उरला ‘दोन दिवसांत, एकदाच खर्च’. दोन दिवस लागतात ते रोल अंथरायला. खोदाई, भराई, दबाई आणि जाळीचे खांब यांचा वेळ वेगळा. टर्फ साधारण आठ-दहा वर्षांनी बदलावा लागतो. पाया नीट असेल तर तोच पुन्हा वापरता येतो. म्हणून कोटेशनमध्ये खोदाई, पायाचे थर, निचरा, टर्फ, वाळू, जाळी, दिवे यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. नुसता चौरस फुटाचा एक आकडा देणाऱ्याला परत पाठवा. दिवे लावणार असाल तर शेजाऱ्यांशी आधीच बोला: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि जाळीवर आदळणारा चेंडू नि त्यावरची ओरड ती सहज ओलांडते. काम दिवाळीनंतरच काढा. टर्फखालचा पाया ओला असेल तर जॉइंटचा गोंद धरत नाही.