अपडेट? नंतर बघू की!

स्क्रीनवर "अपडेट आलंय" म्हणून पट्टी आली रे आली की डोळे झाकून "नंतर" दाबायचं. गिऱ्हाईक उताऱ्याच्या प्रिंटसाठी उभं असतंय, नेट रांगत असतंय, त्यात तुम्ही लिनक्सचा कर्नल, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टीमचा गाभा, बदलत बसणार काय मर्दा? आमच्या बेळगावातल्या अनगोळच्या झेरॉक्स दुकानात मी २०१६ च्या उन्हाळ्यात कर्नल ४.४ बसवला, अजून तोच हाय.

२०२२ च्या मार्चमध्ये 'डर्टी पाइप' नावाच्या कर्नलमधल्या भोकाची बोंबाबोंब झाली, जी फाईल फक्त वाचायला दिलीय तिच्यातच म्हणे लिहिता येतंय! कर्नल वाचलेल्या फाईलची पानं मेमरीत ठेवतोय, तेच पान पाइपमध्ये, म्हणजे एका प्रोग्रॅमकडनं दुसऱ्याकडं माहिती नेणाऱ्या नळीत, घालताना तिच्या कप्प्यावरचा "इथंच पुढं लिहा" हा आधीचा शेरा पुसायचा राहिला, झालं, पुढचा गडी थेट फाईलच्या पानावर लिहून मोकळा. पासवर्डची फाईल तर सगळ्यांनाच वाचता येती, त्यात रूटचा, म्हणजे मशीनच्या मालकाचा, पासवर्ड उडवला की दुकान त्याचं आणि तुम्ही गिऱ्हाईक.

हे सापडलं जर्मनीतल्या माक्स केलरमानला. गिऱ्हाइकाच्या लॉगच्या फाइली उघडेनात, बघतोय तर बिघडलेल्या बहुतेक महिन्याच्या शेवटच्या तारखेच्या, मग गडी महिनोन्महिने त्याच्याच मागं. तुम्ही असलं करू नका, "पेन ड्राइव्ह खराब हाय तुमचा" म्हणायचं, खपतंय.

आणि मजा बघा, हे भोक कर्नल ५.८ पासनंचं, म्हणजे २०२० चं. अपडेटवाले बुडाले, मी वाचलो! आठवडाभर खडेबाजारात कॉलर ताठ करून हिंडलो. मग भाचा म्हणाला, "मामा, 'डर्टी काऊ' नावाचं असलंच दुसरं भोक २००७ पासनं हुतं, २०१६ च्या ऑक्टोबरात बुजवलं, तुझ्यात अजून उघडंच हाय." म्हणजे काय तर कर्नलनं लिहायला फाईलची झेरॉक्स दिली, आणि दोन कामं एकदम पळवून गडी ओरिजिनलवर लिहून गेला. झेरॉक्सच्या दुकानात हे! मी विषय बदलला.

तुमच्या कर्नलात ते पाइपचं भोक असलं तरी घाबरू नका, डर्टी पाइपची खाडाखोड मेमरीतच ऱ्हाती, डिस्कवर सहसा उतरत नाही, मशीन बंद करून चालू केलं की फाईल जशीच्या तशी. आणि आमच्याकडं लाईट दुपारी जातीच! मी तर यूपीएस काढूनच टाकलाय. भाचा म्हणतोय, चोरानं रूट होऊन दुसरी किल्ली करून ठेवली असली तर लाईट जाऊन काय उपयोग? पोरगं बेंगळूरला ऱ्हातंय, त्याला काय कळणार लाईट जाण्यातलं.