रॅम्पबद्दलचा तो फॉरवर्ड चुकीचा आहे

दोन-तीन दिवसांपासून नाशिकच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय की रॅम्प, दिव्यांगांचं टॉयलेट वगैरे फक्त सरकारी ऑफिसला कम्पलसरी आहे, खाजगी दवाखाने, मॉल, क्लासेस यांना नाही आणि जुन्या बिल्डिंगला तर अजिबातच नाही. हे साफ चुकीचंय.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीची व्याख्याच अशी आहे की सरकारी असो नाहीतर खाजगी, जिथे पब्लिक येतं-जातं ती सगळी त्यात आली, म्हणजे कॉलेज रोडवरचा दुसऱ्या मजल्यावरचा क्लाससुद्धा. नवीन बांधकाम नियमात बसत नसेल तर परवानगी आणि कम्प्लीशन (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) दोन्ही देता येत नाही (कलम 44), आणि जुन्यांना नियम आल्यापासून जास्तीत जास्त 5 वर्षं दिली होती, नियम आले जून 2017 ला, आता तुम्हीच मोजा.

मेसेजमध्ये पुढे लिहिलंय की पायऱ्यांवर फळी टाकली तरी चालतं. अहो कसं चालेल, उतार 1:12 लागतो (1 फूट उंचीला 12 फूट लांबी), म्हणजे सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या असतील तर रॅम्प 18 फूट लांब. माझ्या काकूंची व्हीलचेअर गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात असल्याच फळीवरून मागे घसरली होती, वॉचमनने धरली म्हणून बरं (आणि रॅम्पच्या तोंडाशी बाइक लावणारे महाभाग वेगळेच).

दंडाचंही सांगतो, पहिल्यांदा कायदा मोडला तर 10 हजारांपर्यंत, परत मोडला तर 50 हजार ते 5 लाख. ज्या ग्रुपवर तो मेसेज आला तिथे हे पण टाका.